डिझेलच्या आधीची नोंद

"तुम्ही जिवंत आहात ना? मग तुमची नोंद होणार नाही! आणखी किती वेळा सांगू?"

हे मी एका त्र्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना म्हणाले. म्हणाले कसली, ओरडलेच. टेबलावर डार्विनची प्रुफं पसरलेली होती, त्यांवर त्यांनी आमसुलांची पुडी ठेवली होती आणि पुडीचा लाल डाग डार्विनच्या जन्मसालावर उतरत होता. माणसाने किती सहन करायचं?

गृहस्थांचं नाव त्रिंबक गणेश डिचोलकर. वेंगुर्ल्याकडचे, निवृत्त पोस्टमास्तर. दर मंगळवारी पहाटेची एसटी धरायची, आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला आमच्या ऑफिसात यायचं, माझ्यासमोरची खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, "हेर्लेकरबाई, आज जरा सुरुवातीपासून ऐकून घेवा. एकेचाळीस सालची गोष्ट." तीन महिने हे चाललं होतं, आणि एकेचाळीस सालच्या पुढे मी त्यांना एकदाही जाऊ दिलं नव्हतं.

मी तेव्हा एका कोशमंडळात उपसंपादक होते. मराठीत बारा खंडांचा ज्ञानकोश काढायचा, वर्णानुक्रमाने, असा तो खटाटोप. एक्याऐंशी साली आमचा सहावा खंड चालू होता, ट ते ढ. माझ्याकडे शास्त्रज्ञ आणि संशोधक. डाल्टन, डार्विन, डिझेल, डेव्ही, डॉप्लर! जगातली सगळी हुशार माणसं एका 'ड'खाली येऊन बसली होती, आणि त्या सगळ्यांच्या जन्मतारखा तपासायला मी एकटी. शिवाय एखाद्याचं अक्षर छापून गेलं की त्याची गाडी चुकली ती चुकलीच.

आमचे प्रमुख संपादक बेनाडीकर सर. धोतर, काळा कोट आणि लाल पेन्सिल. त्यांचे दोन नियम पाटीवर रंगवून दारातच लावलेले होते. पहिला, जिवंत व्यक्तीची नोंद नाही. दुसरा, छापील आधाराशिवाय एक ओळही नाही. "जिवंत माणूस उद्या काय करील याचा भरवसा नाही," असं सर म्हणायचे. पाटी असूनही लोक यायचेच. कुणाच्या मामाने पाण्यावर चालणारी सायकल केलेली, कुणाच्या सासऱ्याने न्यूटनची चूक काढलेली. सगळे यायचे माझ्याच टेबलाशी, कारण शास्त्रज्ञ माझ्याकडे. डोक्याला नुसता ताप!

डिचोलकर त्यांतलेच, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. पहिल्या मंगळवारी त्यांनी पिशवीतून एक जाडजूड फाईल काढली. वरच एक प्रशस्तिपत्र होतं, जिल्ह्याच्या औद्योगिक प्रदर्शनातलं, छप्पन सालचं. काजूची बी अखंड फोडण्याच्या पायचलित यंत्राबद्दल श्री. त्रिंबक गणेश डिचोलकर यांना प्रथम पारितोषिक.

"म्हणजे हे तुम्ही," मी म्हटलं.

"तेच तर सांगतोय. ह्या कागदात चूक आहे, बाई."

"मग ज्यांनी कागद दिला त्यांच्याकडे जा. आम्ही दाखले दुरुस्त करत नाही."

"तसं नाही. एकेचाळीस साली आमच्याकडे काय झालं, कारखान्याची बी घरी फोडायला आणायचे..."

"डिचोलकर, ही पाटी वाचलीत? जिवंत व्यक्तीची नोंद नाही."

त्यांनी पाटी वाचली. नंतर चष्मा पुसून पुन्हा वाचली. "बरोबर आहे," म्हणाले, "नियम चांगला आहे." आणि पुढच्या मंगळवारी आमसुलं घेऊन पुन्हा हजर! नियम चांगला आहे म्हणतो, आणि पुन्हा येतो. अशा माणसाचं काय करायचं? मी त्यांना चहा पाजला, समजावलं, रागावले, एकदा तर कपाटाआड लपलेसुद्धा. ते दोन तास खुर्चीत बसून राहिले. मी बाहेर आले तर म्हणाले, "आज बाई कामात दिसतायत. येतो मी मंगळवारी."

फाईल ते टेबलावरच ठेवून गेले होते. मी तिच्यावर फुलपात्र ठेवायचे.

त्या दिवशी मी ओरडले, कारण 'ड'ची पानं पुढच्या आठवड्यात मशिनवर चढणार होती आणि डिझेल काही केल्या आवरत नव्हता. इंजिन करणारा डिझेल हो. तो १९१३ साली बोटीतून इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसा झाला. उडी मारली, पडला की कुणी ढकललं, यावर आमच्या बाहेरच्या लेखकाने बारा ओळी खर्ची घातल्या होत्या. त्याच्या इंजिनावर अकरा! मी वैतागून ते निस्तरत होते, आणि वर ही आमसुलं.

"तुम्ही जिवंत आहात ना?" असं मी ओरडल्यावर ऑफिसातली टाइपरायटरं थांबली. डिचोलकर उठले. पुडी उचलून त्यांनी रुमालाने डार्विन पुसला.

"मी जिवंत आहे, हाच सगळा घोळ आहे, बाई," ते म्हणाले. "आता नाही त्रास देणार. फाईल मात्र राहू दे इथेच."

पुढचा मंगळवार आला. अकरा वाजले, बारा वाजले. खुर्ची रिकामी. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझं लक्ष सारखं दाराकडेच. शेवटी स्वतःवरच चिडून मी फुलपात्र बाजूला केलं आणि फाईल उघडली.

प्रशस्तिपत्राखाली पोस्टातल्या तारेच्या फॉर्मांचा गठ्ठा होता. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकृत्या काढलेल्या. काजूची बी, उभी, आडवी, अर्धी कापलेली. मग कणकेचा गोळा आणि त्यात दाबलेल्या बीचा ठसा. त्या ठशाच्या वळणाची दोन पाती, आणि शिवणयंत्राच्या पायाच्या फळीला जोडलेला दांडा. अक्षर बाईचं, जेमतेम चौथी शिकलेलं. 'पातं सरळ नको. बीसारखं वाकडं हवं.' 'आज बारा फुटल्या, तीन तुटल्या.' 'आज चाळीस फुटल्या, एक तुटली.' प्रत्येक कागदाच्या कडेला तपकिरी डाग होते, बोटांचे. काजूच्या टरफलात तेल असतं, ते लागलं की कातडी जळते आणि डाग महिनोन्महिने जात नाही.

माझ्या डोळ्यांसमोर डिचोलकरांचे हात आले. गोरे, स्वच्छ, पोस्टाच्या शाईचा ठिपकासुद्धा नसलेले. तीन महिने ते हात माझ्या टेबलावर होते! ज्याची बोटं कधी जळलीच नाहीत, तो कशाला असलं यंत्र करत बसेल?

सगळ्यात खाली स्टँपपेपरवर त्यांचं निवेदन होतं. मी ते उभ्यानेच वाचलं. 'काजूची बी फोडण्याचे यंत्र माझी पत्नी कै. द्वारका हिने सन १९४१ ते १९४४ या काळात स्वतःच्या डोक्याने केले. आमच्या बाजूच्या चाळीसेक कारखान्यांत ते लोहारांनी पाहून पाहून बनवले. १९५६ साली प्रदर्शनाचा फॉर्म मी भरला. संशोधकाचे नाव या रकान्यात मी माझे नाव लिहिले. तिला विचारले नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हात आपोआप गेला. बक्षीस घ्यायला स्टेजवर मी गेलो. ती खाली बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर ते प्रशस्तिपत्र तिनेच भिंतीवर लावले, आणि तेवीस वर्षे दर दिवाळीला तिनेच पुसले. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. ती १९७९ साली वारली. आपल्या कोशात मेलेल्या माणसांची नोंद घेतात असे समजले, म्हणून हे लिहीत आहे.'

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. असं काही माणूस पटकन बोलू शकतो का? त्याला सुरुवातीपासूनच यावं लागतं. आणि मी त्याला दर मंगळवारी पाटी दाखवत होते.

फाईल उचलून मी तडक बेनाडीकर सरांच्या खोलीत गेले. 'डिचोलकर' वर्णानुक्रमाने 'डिझेल'च्या बरोबर आधी येतं. पान अजून छापलेलं नव्हतं.

सरांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि फाईल मिटली. "छापील आधार?"

"सर, ही तिच्या हातची चित्रं आहेत. हे डाग बघा."

"डाग म्हणजे आधार नव्हे, हेर्लेकरबाई. नवरा आज म्हणतो बायकोने केलं, उद्या मेव्हणा येईल."

"स्वतःचं बक्षीस कुणी उगाच परत करतं का, सर?"

"आणि जागा कुठून आणणार?"

"डिझेलच्या बुडण्यातून! बारा ओळी आहेत. तो कसा मेला ते त्यालाच ठाऊक. ही कशी जगली ते निदान कागदावर तरी आहे!"

इतक्या वर्षांत मी सरांपुढे आवाज चढवला नव्हता. सरांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "यंत्राला छापील आधार आहे, तो हा," त्यांनी प्रशस्तिपत्रावर बोट ठेवलं. "तो नोंदीच्या हस्तलिखिताला जोडा. आठ ओळी. एकही जास्त नाही."

मी आठ ओळी लिहिल्या. तीस वर्षांत लिहिलेल्या सगळ्या नोंदींत मला त्याच आठ ओळी पाठ आहेत. 'डिचोलकर, द्वारका त्रिंबक (१९१६–७९). काजूची बी फोडण्याच्या पायचलित यंत्राच्या संशोधक...' प्रशस्तिपत्र टाचणीने जोडलं. प्रेसमध्ये जाऊन फोरमन इस्माईलचाचांच्या हातात दिलं. चाचांनी डिझेलच्या बारा ओळींचे शिशाच्या अक्षरांचे खिळे चिमट्याने उचलले आणि हसून म्हणाले, "बाई, अखेर साहेबाला बुडवलंतच की!" डिचोलकरांना मी कार्ड टाकलं की नोंद घेतली आहे, खंड आला की पहिली प्रत तुम्हाला.

आणि मग, लोकहो, मी कामाला लागले. 'ढ' बाकी होता. शेवटचं पानप्रूफ सरच बघायचे, नेहमीप्रमाणे, प्रत्येक नाव छापील आधाराशी ताडून.

चार महिन्यांनी खंड बाहेर आला. पहिली प्रत मी स्वतः टपालात घातली, न उघडता. चौथ्या दिवशी, तोही मंगळवारच, डिचोलकर दारात उभे. मला इतका आनंद झाला की मी उठून खुर्ची पुसली. त्यांनी खंड टेबलावर ठेवला, पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

'डिचोलकर, त्रिंबक गणेश (१९१६–७९).'

खालच्या ओळी माझ्या. साल तिचं. नाव त्यांचं.

काय झालं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. सरांनी ताडून पाहिलं. आधारात 'त्रिंबक गणेश', नोंदीत 'द्वारका त्रिंबक'. शेकडो नावं ताडताना आमचं बोलणं त्यांच्या ध्यानातही उरलं नसणार. छापील तेच खरं. लाल पेन्सिलीने नाव दुरुस्त झालं. साल तसंच राहिलं, कारण आमच्या कोशात नोंद आहे म्हणजे माणूस मेलेला असणारच. आणि तो आधार टाचणीने जोडला कुणी? मी!

डिचोलकर कधी आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांचा पोस्टातला सगळा सभ्यपणा गळून पडला आणि गावची भाषा बाहेर आली.

"मी मेलंय ता ठीक असा, बाई! माका मारलात तरी चालात! पण तिचा नाव खंय? परत माझाच? परत?"

ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. आवाज ऐकून सर बाहेर आले. मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं, डिचोलकरांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते एका जिवंत नोंदीपुढे उभे होते. "सातव्या खंडाच्या शेवटी शुद्धिपत्र देऊ," असं काहीसं पुटपुटले.

"सातवा खंड दोन वर्षांनी येणार, सर! आणि शुद्धिपत्र वाचतं कोण? तुम्ही वाचलंय कधी कुणाचं?"

मी तिथून तरातरा प्रेसमध्ये गेले. इस्माईलचाचांनी प्रकरण ऐकलं, कपाळावर हात मारला आणि खिळे जुळवायला घेतले. कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर एकच ओळ छापायची. 'डिचोलकर, द्वारका त्रिंबक (१९१६–७९).' बरोबर तेवढीच रुंदी, चुकीच्या ओळीवर बसेल अशी.

गोदामात नऊशेवर प्रती होत्या. मी आणि डिचोलकर चार दिवस खाली सतरंजी घालून बसलो. मी पान काढायचे, ते चिठ्ठी डकवायचे. प्रत्येक चिठ्ठी डकवल्यावर ते तिच्यावरून अंगठा फिरवायचे, सुरकुती राहू नये म्हणून. तरी त्यांची चिठ्ठी डावीकडे किंचित खाली यायची. त्या चार दिवसांत त्यांनी मला एकेचाळीस सालापासून सगळं सांगितलं. कणीक कशी वाया जाते म्हणून सासू ओरडायची, पहिलं पातं कसं वाकलं, एकही बी न तुटता पहिला शेर कसा निघाला, आणि त्या दिवशी द्वारकाबाईंनी जळक्या बोटांनी नवऱ्याच्या चहात साखर घातली तेव्हा त्या कशा हसत होत्या. मी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बेनाडीकर सर जिना उतरून आले, कोट काढून ठेवला आणि आमच्यात बसून डकवायला लागले.

राहिल्या त्या बाहेर गेलेल्या प्रती. त्याही तीनशेच्या वर. कुठल्या गावच्या वाचनालयात, कुठल्या शाळेत, ती यादी आमच्या रवानगी वहीत होती. डिचोलकरांनी ती उतरवून घेतली. "पोस्टातला माणूस मी," म्हणाले, "पत्ते शोधायची सवय आहे." पिशवीत गोंदाची बाटली आणि चिठ्ठ्या घेऊन ते एसटीने गावोगाव हिंडायला लागले. मालवण, चिपळूण, कराड, पंधरा दिवसांनी सोलापूर. दर महिन्याला मला कार्ड यायचं. 'तासगाव झाले. ग्रंथपाल सज्जन. वाई झाले. ग्रंथपाल खवट, पण झाले.'

शहाऐंशी साली कार्डं थांबली. मग त्यांच्या पुतण्याने एक पाकीट पाठवलं. त्यात यादी होती, खुणा केलेली, आणि उरलेल्या चिठ्ठ्या. त्रेसष्ट गावं राहिली होती.

ती मी घेतली. नोकरीत असताना सुट्टीत, निवृत्त झाल्यावर सवडीने. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी कुणाच्या लग्नाला गेले की आधी तिथलं वाचनालय विचारते. घरचे म्हणतात, म्हातारीला खूळ लागलंय. म्हणू देत. कित्येक ठिकाणी तो खंड वाळवीने खाल्ला, कित्येक ठिकाणी रद्दीत गेला. तरी बघावं तर लागतंच.

गेल्या महिन्यात बार्शीला होते. तिथल्या एका वाचनालयात सहावा खंड अगदी वरच्या फळीवर होता. ग्रंथपाल मुलगी पंचविशीची असेल, नाइलाजाने स्टूल लावून तिने तो काढून दिला. मी पान शोधलं, पर्समधली चिठ्ठी काढली, गोंद लावला.

"अहो आजी, काय करताय!" ती धावत आली. "पुस्तकात असं चिकटवायचं नसतं!"

"बाळ, मी ह्या पुस्तकाची संपादक आहे. सरक."

मी चिठ्ठी बसवली, वरून अंगठा फिरवला. अलीकडे माझीही डावीकडे किंचित खाली येते. मुलगी वैतागून वाकून वाचायला लागली. आधी चिठ्ठी, मग खालच्या आठ ओळी, मग शेजारचा डिझेल, मग पुन्हा चिठ्ठी.

"कोण ह्या द्वारका डिचोलकर? आणि नाव असं वरून का डकवलंय?"

मी समोरची खुर्ची ओढली.

"बस इथे," मी म्हटलं. "सुरुवातीपासून सांगते. आणि मध्ये तोडायचं नाही. एकेचाळीस सालची गोष्ट."